गुरू गेल्यानंतरची वही

इ.स.पूर्व दुसऱ्या शतकात चीनचा सम्राट वन याने एका वैद्याला काही प्रश्न विचारले. कोणाकडे शिकलास, किती वर्षे शिकलास, कोणाला बरे केलेस, कोण दगावले. त्यांतच एक प्रश्न असा होता, की ज्यावर आजचा डॉक्टरही आधी घसा खाकरेल : नाडी पाहून निदान करताना तुझी कधी चूक होते का?

वैद्याचे नाव चुन्यू यी. मुळात तो ची राज्याच्या सरकारी धान्यकोठाराचा अधिकारी; वैद्यकाचा नाद मात्र तरुणपणापासूनचा. चुका होतात, आपण काही परिपूर्ण नाही, असे त्याने सरळ कबूल केले. त्याच उत्तरात त्याने २५ रुग्णांच्या हकिकती मांडल्या आणि या नोंदी आपण का ठेवत गेलो तेही सांगितले. त्याचे गुरू यांग छिंग सत्तरी ओलांडलेले होते. त्यांनी आपल्याजवळची नाडीची पुस्तके त्याला दिली, शिकवले, आणि शिक्षण जेमतेम पुरे होते तोच ते वारले. आता विचारणार कोणाला? मग यीने नोंदी सुरू केल्या. कागद अजून रुळायचा होता. लिहायला बांबूच्या नाहीतर लाकडाच्या पट्ट्या. आपण त्यांना वहीच म्हणू. वहीत रुग्ण कोण, नाडी कशी लागली, आपण काय भाकीत केले आणि पुढे प्रत्यक्षात काय झाले, हे सगळे तो लिहीत गेला. कुठे बरोबर आलो, कुठे चुकलो, ते गुरूच्या नियमांशी ताडून पाहायचे. सिमा छिएन या इतिहासकाराच्या 'शिजी' ग्रंथात हे सारे जपले गेले आहे.

जवळ गुरू नसताना नाडी शिकणाऱ्या माणसाची इतकी जुनी आणि इतकी तपशीलवार नोंद दुसरी क्वचितच सापडेल. या प्रकरणात आपण तीच वही वर्धा जिल्ह्यात आणून उघडणार आहोत.

वर्ध्याचे मनगट

खादीच्या या जिल्ह्यात नाडी म्हटले की आधी पायजम्याची आठवते. पण मनगटावरच्या नाडीचीही इथे वाण नाही. वर्ध्याहून निघून थोडे फिरलात, तर एकाच मनगटावर दोन शास्त्रांची बोटे ठेवलेली दिसतील. सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ पासून डॉक्टर घडवते आहे. सावंगीलाही वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथला विद्यार्थी नाडीची गती, लय, जोर आणि धमनीची भिंत मऊ की टणक, हे पाहायला शिकतो. सालोड (हिरापूर) इथल्या आयुर्वेद महाविद्यालयातला विद्यार्थी त्याच मनगटावर वात, पित्त आणि कफ शोधतो. गंमत अशी की बोटे दोघेही तीनच ठेवतात : तर्जनी, मध्यमा आणि अनामिका.

चिनी वैद्यही तीच तीन बोटे ठेवतो. वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात चिनी भाषा शिकता येते. चिनी नाडी शिकवणारा मात्र आर्वी, हिंगणघाट किंवा समुद्रपूरच्या माणसाने कुठे शोधावा? जवळचा म्हणावा असा एक धागा नागपूरकडे जातो. १९३८ च्या सप्टेंबरात मुंबईहून चीनकडे निघालेल्या भारतीय वैद्यकीय पथकात पाच डॉक्टर होते. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस सगळ्यांना ठाऊक आहेत. पण त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. ही मंडळी गेली ती जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करायला, चिनी वैद्यक शिकायला नव्हे. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले. पथकातले डॉ. बिजयकुमार बसू परत आले, १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, तिथे ॲक्युपंक्चर शिकले आणि ते त्यांनी कोलकात्याला आणले. म्हणजे शिकायचे तर त्यांनाही गुरूच्या देशी जावे लागले.

ज्याला ते शक्य नाही, त्याच्या हाती पुस्तक उरते. तेव्हा पुस्तकापासूनच सुरुवात करू.

नाका, इंच आणि फूट

उजव्या हाताचे मधले बोट डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला ठेवा आणि हळूच कोपराकडे सरकवा. एक हाडाचा उंचवटा लागेल. त्याच्या आतल्या अंगाला जिथे ठोका लागतो, ती जागा म्हणजे ग्वान. ग्वान म्हणजे खिंडीतला नाका. नाक्यापासून तळहाताच्या घडीपर्यंतचे अंतर एक त्सुन, म्हणजे चिनी इंच. नाक्यापासून कोपरापर्यंतचे एक छी, म्हणजे चिनी फूट. त्यामुळे नाक्यापुढे तळहाताकडे तर्जनी पडते ती जागा 'त्सुन' आणि मागे अनामिका पडते ती 'छी'. नावे परकी वाटली तरी हिशोब आपल्या ओळखीचा आहे : मध्ये नाका, अलीकडे इंच, पलीकडे फूट.

फार पूर्वी चिनी वैद्य डोके, हात आणि पाय अशा निरनिराळ्या जागी नाडी चाचपत. 'नान जिंग' या ग्रंथाने सगळा कारभार मनगटावर आणला. प्रत्येक बोटाखाली तीन थर पाहायचे : कातडीलगत हलका दाब, मध्यम दाब आणि हाडापर्यंतचा दाब. तीन जागा, तीन थर, मिळून नऊ. दोन्ही हातांचे अठरा. डाव्या हाताच्या तीन जागा हृदय, यकृत आणि मूत्रपिंडाच्या. उजव्या हाताच्या फुप्फुस, प्लीहा आणि पुन्हा मूत्रपिंडाच्या, असा परंपरेचा नकाशा.

दाब किती द्यायचा? इथे 'नान जिंग' एक नामी माप सांगते : दाण्यांचे. तीन दाण्यांइतका दाब दिला की फुप्फुसाची नाडी, सहा दाण्यांना हृदयाची, नऊला प्लीहेची, बाराला यकृताची, आणि हाडापर्यंत दाबले की मूत्रपिंडाची. मूळ शब्द 'शू' असा आहे. तो द्विदल दाण्यांचा, आणि मुख्यतः सोयाबीनचा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी वैद्याचे माप आज वर्धा जिल्ह्यात शेताशेतात पिकते आहे.

तेव्हा घरातलेच बारा दाणे मोजून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर टाका. जेमतेम दीड-दोन ग्रॅम भरतील. आता दाणे काढा आणि काट्यावर नाडी पाहतो तसे बोट टेकवा. आकडा बघता बघता विसाच्या, पन्नासाच्या पुढे पळेल. ग्रंथातले माप शब्दशः घेऊन चालणार नाही, हे पाच मिनिटांत कळते. पण त्याहून मोठी गोष्ट अशी कळते, की आपण हलका म्हणून जो दाब देतो तो दर वेळी वेगळाच असतो. डोळे मिटून दहा वेळा ३० ग्रॅम दाबायचा प्रयत्न करा आणि दुसऱ्या कोणाला आकडे लिहून घ्यायला सांगा. मग अनामिकेने तेच करा. ते बोट जास्तच अडाणी निघेल. गुरू शेजारी असता तर त्याने तुमच्या बोटावर बोट ठेवून 'हलकं, अजून हलकं' असे सांगितले असते. ते काम काटा करतो, तेही न कंटाळता.

गती मोजायला चिनी वैद्याकडे घड्याळ नव्हते. स्वतःचा श्वास होता. वैद्याच्या एका श्वासोच्छ्वासात रुग्णाचे चार ते पाच ठोके पडले तर नाडी ठीक. चारापेक्षा कमी ती मंद, सहा किंवा जास्त ती जलद. जिना चढून धापा टाकत आलेल्या वैद्याने हात धरायचाच नाही, हे त्यातच आले. युरोपात १७०७ मध्ये जॉन फ्लॉयर या इंग्रज डॉक्टरने नाडीसाठी मिनिटाचे खास घड्याळ वापरात आणले, आणि चिनी नाडीविद्येबद्दल त्याला मोठे कुतूहल होते. तुमच्या हातात मोबाइल आहे. श्वासाने मोजा, मग घड्याळाने पडताळा. घाई मात्र करू नका. निदान पन्नास ठोके बोट हलवायचे नाही, असा जुना दंडक आहे.

कांद्याची पात आणि बांबूचे सालपट

जागा, थर आणि गती इथपर्यंत पुस्तक सोबत येते. नाडीचा गुण सांगायची वेळ आली की ते उपमा देऊ लागते, आणि एकट्याने शिकणाऱ्याची खरी परीक्षा इथून सुरू होते.

तिसऱ्या शतकातल्या वांग शूहे याने 'माय जिंग' ग्रंथात २४ नाड्या सांगितल्या. मनाला हे चटकन उमगते, पण बोटाखाली स्पष्ट होत नाही, अशी कबुली त्याने तेव्हाच देऊन ठेवली आहे. १५६४ मध्ये ली शिजेनने २७ नाड्या पद्यात बांधल्या, म्हणजे विद्यार्थ्याला पाढ्यांसारख्या पाठ करता याव्यात. तरंगती नाडी पाण्यावरच्या लाकडासारखी. निसरडी नाडी थाळीत घरंगळणाऱ्या मोत्यांसारखी. खरबरीत नाडी म्हणजे हलक्या सुरीने बांबू खरवडावा तशी. तारेसारखी नाडी वाद्याच्या ताणलेल्या तारेगत. आणि पोकळ नाडी हिरव्या कांद्याच्या पातीसारखी.

शेवटची उपमा आपल्या घरात तपासता येते. पातीच्या कांद्याची एक जाडशी पात ओट्यावर आडवी ठेवा आणि तिच्यावर बोट टेकवा. वर भिंत लागते, थोडे दाबले की बोट पोकळीत बुडते, आणखी दाबले की खालची भिंत लागते. वर आहे, खाली आहे, मध्ये काही नाही. पुष्कळ रक्त गेलेल्या माणसाची नाडी अशी लागते, असे ग्रंथ म्हणतो. पातीवर बोट ठेवल्याशिवाय हे वाक्य शंभरदा वाचूनही पोकळच राहते. बांबूचेही तसेच. बुरुडाच्या दारी जाऊन सुरी बांबूवरून कशी अडत अडत जाते ते बघा. मग 'खरबरीत' या शब्दाला अंग येते.

पण सावध राहा. पात कळली म्हणजे पातीसारखी नाडी कळली असे होत नाही. गुरू नेमके हेच करतो. एका रुग्णाचा हात धरून तो म्हणतो, 'ही बघ, हिला आम्ही खौ म्हणतो.' शब्द आणि स्पर्श यांची गाठ त्या क्षणी बसते. पुस्तक दोन्ही टोके देते. गाठ मारून देत नाही.

भारतीय परंपरेतली अडचणही हीच आहे. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत आज आपण ज्याला नाडीपरीक्षा म्हणतो ती पद्धत नाही. ती पहिल्यांदा ठळकपणे दिसते ती तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमाराच्या शार्ङ्गधर संहितेत, आणि तिथेही उपमाच आहेत. वाताची नाडी जळू आणि सापासारखी, पित्ताची कावळा आणि बेडकासारखी, कफाची हंस आणि पारव्यासारखी. पावसाळ्यात अंगणात उड्या मारणारा बेडूक आपल्याला माहीत असतो. हंसाची चाल वर्ध्यात कोणी पाहिली आहे?

एक धमनी, दोन नकाशे

आता एक अवघड प्रश्न. आयुर्वेदाच्या नकाशात तर्जनीखाली वात, मध्यमेखाली पित्त, अनामिकेखाली कफ. चिनी नकाशात त्याच डाव्या हाताच्या त्याच तीन बोटांखाली हृदय, यकृत आणि मूत्रपिंड. धमनी एकच. मग बोटाला खरे काय लागते?

लागते ती दाबाची लाट. हृदय आकुंचन पावले की रक्ताला धक्का बसतो आणि तो धमनीच्या भिंतीतून सेकंदाला काही मीटर वेगाने पळतो. रक्त स्वतः त्याच्या मागून, बरेच सावकाश येते. म्हणजे ठोका आधी पोहोचतो, रक्त नंतर. भिंत जितकी ताठ, तितकी लाट वेगवान. म्हणून वय झालेल्या किंवा बरीच वर्षे रक्तदाब असलेल्या माणसाची नाडी तारेसारखी लागली तर त्यात नवल नाही. तीन बोटांखाली वेगवेगळे वाटते हेही खोटे नाही. नाक्यापाशी धमनीखाली हाड आहे, कोपराकडे ती मांसात खोल जाते, दर माणसागणिक तिची वळणे वेगळी. काहींची नाडी मनगटाच्या पाठीमागूनच जाते. चिनी वैद्यांना हे ठाऊक होते. अशा नाडीला त्यांनी वेगळे नावही दिले आहे.

म्हणून शिकणाऱ्याने दोन प्रश्न कायम वेगळे ठेवावेत. पहिला : मला जे लागले ते खरोखर तसे आहे का? दुसरा : ते तसे असण्याचा अर्थ पुस्तक सांगते तोच आहे का? नाडी ताठ आहे हा पहिला प्रश्न. ताठ नाडी म्हणजे यकृताचा बिघाड, हा दुसरा. घरबसल्या पहिल्याचे उत्तर बऱ्यापैकी शोधता येते. दुसऱ्याचे उत्तर एका माणसाच्या बोटांत मावणारे नाही. पुष्कळ वर्षे मुरलेला वैद्यसुद्धा अनेकदा दोन्ही प्रश्न एका दमात सोडवतो आणि आपण उडी मारली हे त्याच्या लक्षात येत नाही.

सेवाग्रामच्या पापण्या

दोन जाणती माणसे एकाच शरीराला हात लावतात तेव्हा त्यांचे मत कितपत जुळते? हे मोजून पाहणारी जागा आपल्याच जिल्ह्यात आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी गेल्या काही दशकांत डॉक्टरांच्या हाताची आणि डोळ्यांचीच परीक्षा घेतली. पोट चाचपून यकृत वाढल्याचे कळते का, छातीवर बोट वाजवून पाणी झाल्याचे कळते का, अशा साध्या तपासण्या त्यांनी कसोटीवर घासल्या.

त्यांतला एक अभ्यास नाडी शिकणाऱ्याने भिंतीवर लावून ठेवावा असा आहे. मे २००७ मध्ये त्यांनी ३९० रुग्ण घेतले. निरीक्षक दोन. प्रत्येकाने पापणीचा आतला भाग, जीभ, तळहात आणि नखे यांवरचा फिकटपणा पाहून आपले मत नोंदवायचे. रक्तातले हिमोग्लोबिन यंत्राने मोजायचे, आणि त्याचा आकडा पाहणाऱ्याला कळू द्यायचा नाही. अभ्यास २०१० मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

मते किती जुळली हे काप्पा नावाच्या आकड्याने सांगतात. काप्पा १ आला तर मते तंतोतंत जुळली. ० आला तर नाणे उडवून सांगितले असते तरी इतकीच जुळली असती. पापणीच्या फिकटपणाचा काप्पा आला ०.०७. जिभेचा ०.२०. शिकलेले डोळे, समोर रुग्ण, आणि पापणी पांढरी की लाल यावर एकमत नाही. जीभ मात्र त्यातल्या त्यात उपयोगी ठरली : ती अगदी पांढरीफटक दिसली तर तीव्र रक्तक्षयाची शक्यता पुष्कळ वाढते. चिनी वैद्यकात नाडीच्या जोडीला जीभ पाहतात, हे इथे आठवायला हरकत नाही.

या आकड्यांकडे पाहून डॉक्टरांना हसण्याचे कारण नाही. असे आकडे स्वतःबद्दल छापणारे डॉक्टर दुर्मीळ. आपल्याला त्यातून हवी आहे ती पद्धत, आणि ती तीन पावलांची आहे : आधी लिहा, दुसऱ्याने काय लिहिले ते पाहू नका, मग उत्तर उघडा. चुन्यू यीने पट्ट्यांवर जे केले त्याचेच हे सुधारलेले रूप. यीच्या नोंदींत बहुतेक वेळा यीच बरोबर ठरतो, कारण लिहिणारा आणि तपासणारा एकच. सेवाग्रामने त्यात आणखी एक जोडी डोळे आणि एक यंत्र घातले.

नाडीबाबत असा प्रयत्न झालेला आहे. सिडनीच्या तंत्रज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी २००२ मध्ये उपमा बाजूला ठेवल्या आणि प्रत्येक गुणाची कोरडी व्याख्या केली : कोणत्या थराला सर्वांत जोरात लागते, रुंद की अरुंद, लांब की आखूड, दाबल्यावर टिकते की नाहीशी होते. नाडी पाहण्याची रीतही ठरवून दिली. मग दोन परीक्षकांची मते सरासरी ८० टक्क्यांच्या आसपास जुळली. मोती आणि बांबू यांवर भांडण होते. रुंद की अरुंद यावर बोलणे होऊ शकते. एकट्याने शिकणाऱ्याला यातून रस्ता दिसतो.

पुण्यात आणखी एक वाट निघाली. मुंबईच्या आयआयटीतले आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले संशोधक मिळून २००७ च्या सुमारास 'नाडी तरंगिणी' हे यंत्र घेऊन पुढे आले. तीन बोटांच्या जागी तीन दाबमापक, आणि पडद्यावर लाटेचा आलेख. यंत्र थकत नाही आणि दाबही विसरत नाही. पण त्या आलेखाला 'पित्ताची नाडी' हे नाव कोणी द्यायचे? त्यासाठी पुन्हा वैद्यालाच बोलवावे लागते. यंत्र हे फार चांगले दुसरे बोट आहे. अर्थ सांगणारा गुरू ते नव्हे.

पडद्याआडचे हात

आता वही काढू. दोनशे पानी, शाळेची. रकाने इतकेच : तारीख, वेळ, जेवणाआधी की नंतर, कोणता हात, मिनिटाचे ठोके, लय सरळ की चुकणारी, कोणत्या थराला जोर, रुंदी, दाबल्यावर टिकते का. शेवटचे दोन रकाने रुंद ठेवा : 'मला काय वाटले' आणि 'पुढे काय कळले'. मोती, बांबू आणि बेडूक यांना पहिले सहा महिने वहीत येऊ द्यायचे नाही.

वेळ पहाटेची. चिनी ग्रंथ तीच सांगतात, आणि कारणही पटण्यासारखे आहे : चहा नाही, धावपळ नाही, भांडण नाही. हवामानाचा रकाना मात्र आपला आपण वाढवावा लागेल. चिनी पुस्तकांत वसंताची नाडी तारेसारखी, उन्हाळ्याची पुरासारखी भरलेली, हेमंताची दगडासारखी खोल, असा ऋतुमानाचा हिशोब आहे. तो त्यांच्या चार ऋतूंचा. वर्ध्याचा मे महिना त्यात नाही. पारा ४५ च्या पुढे गेला की कातडीकडचे रक्त वाढते, वाहिन्या सैलावतात आणि दणदणीत नाडी लागते. तीच माणसे जानेवारीच्या सकाळी तपासा, नाडी शोधावी लागेल. हे वहीत लिहिलेले नसेल, तर निम्मे घर आजारी असल्याचा शोध तुम्हाला मे महिन्यात लागेल.

मग पडद्याची परीक्षा. दाराला चादर लावा. घरातली, शेजारची मिळून पाच माणसे चादरीआड बसवा. बांगड्या, अंगठ्या, घड्याळे काढून ठेवा. एकेकाने चादरीखालून फक्त मनगट पुढे करायचे, क्रम एकाने चिठ्ठ्या टाकून ठरवायचा, आणि प्रत्येकाचा हात दोनदा यायला हवा. तुम्ही डोळे बांधून दहा हात पाहा आणि रकाने तोंडी सांगा, लिहिणारा लिहील. शेवटी वही उघडा. एकाच माणसाच्या दोन नोंदी जुळल्या का? दुसऱ्याशी मत जुळायचे पुढे, आधी स्वतःशी जुळू द्या. पहिल्या खेपेला बहुधा फजितीच होते. सासऱ्यांची नाडी एकदा रुंद आणि दहा मिनिटांनी अरुंद निघाली, तर सासरे बदलले नाहीत, तुमचे बोट बदलले.

पडद्याआडून नाडी पाहण्याच्या गोष्टी आपल्याकडे पुष्कळ. राणीच्या मनगटाला दोरा बांधून त्याचे टोक हकिमाच्या हाती दिले, आणि राणीऐवजी मांजर बांधले तर हकिमाने तेही ओळखले, वगैरे. चीनमध्येही दोऱ्याची अशीच दंतकथा सांगतात. ओळखणाऱ्याचेच नाव गोष्टीत उरते. जे हकीम फसले असतील त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. वहीचा उपयोग तोच : तिच्यात न ओळखलेली मांजरेही राहतात.

दुसरे बोट शक्य तितके मिळवा. ओळखीची परिचारिका, सालोडहून शिकून आलेला तरुण वैद्य, वैद्यकीय महाविद्यालयातली भाची. त्यांना चिनी नाव विचारू नका. 'जोर वरच्या थराला आहे की खालच्या?' एवढेच विचारा, आणि तेही आपले उत्तर आधी लिहून ठेवून.

कुठे थांबायचे

या वाटेने वर्षभरात किती पुढे जाता येते? गती, लय, थर, रुंदी, जोर इथपर्यंत खात्रीने. तार आणि निसरडेपणा यांच्या उंबरठ्यापर्यंत, जमल्यास. सत्तावीस नाड्यांची नावे आणि त्यांच्यामागचे अवयव बोटाखाली ओळखल्याचा दावा मात्र एकट्याने करू नये. दुसऱ्याला सुई टोचायची किंवा औषध द्यायचे तर प्रश्न कायद्याचाही आहे. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र अधिनियम आहे. रीतसर शिक्षण आणि नोंदणी यांना पर्याय नाही.

पण जे खात्रीने शिकता येते त्यातली एक गोष्ट लाखमोलाची आहे. चिनी ग्रंथांत चुकणाऱ्या नाड्या तीन आहेत : जलद असून मध्येच चुकणारी, मंद असून मध्येच चुकणारी, आणि ठरावीक ठोक्यांनंतर नेमाने चुकणारी. हे वर्गीकरण करायला मोती लागत नाहीत. पन्नास ठोके धीराने मोजणारे बोट लागते. ज्या नाडीला ताल असा उरलेलाच नाही, ती आधुनिक वैद्यकाच्या भाषेत हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या थरथरीची असू शकते. अशा हृदयात रक्ताची गुठळी धरते, ती मेंदूत गेली तर अर्धांगवायू होतो. माणसाला स्वतःला पुष्कळदा काहीच जाणवत नसते. 'थोडी कसकस आहे' एवढेच तो म्हणतो.

समजा, एका पहाटे शेजारच्या आजोबांच्या मनगटावर तुमच्या बोटाखाली असा विस्कटलेला ताल लागला. वहीत लिहा : 'लय बेताल, १०० ठोके पाहिले, दोन्ही हात.' पुढे यकृत, मूत्रपिंड काही लिहू नका. आजोबांना सकाळच्या गाडीने दवाखान्यात न्या, ईसीजी काढा. संध्याकाळी परत आलात की शेवटच्या रकान्यात ईसीजीत जे दिसले ते लिहा; तुमचे चुकले असेल तर तेही. यांग छिंग हयात असते तर चुन्यू यीने रुग्णाचे मनगट त्यांच्यापुढे धरून विचारले असते. ते नव्हते, म्हणून तो वही घेऊन काय होते याची वाट पाहत राहिला. तुम्हाला वाट पाहायला लागेल ती फक्त संध्याकाळच्या गाडीपर्यंत.